महाविद्यालयातील संशोधनाचे पेटंट: आधी मालकी ठरवा, मग फॉर्म भरा

कांदाचाळीतली आर्द्रता ओळखून पंखे आपोआप चालू-बंद करणारे उपकरण नाशिकच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तयार झाले, की ‘पेटंट टाका’ असा आग्रह सुरू होतो. त्याआधी मालकी ठरवावी लागते. पेटंट कायदा, १९७० नुसार अर्ज खरा व पहिला शोधकर्ता करू शकतो, किंवा त्याने ज्याला हक्क लिहून दिला तो. विद्यार्थी संस्थेचा नोकर नसतो, त्यामुळे त्याचा हक्क आपसूक संस्थेकडे जात नाही; त्यासाठी असाइनमेंटचा, म्हणजे हक्क लिहून देण्याचा, करार मुद्रांक कागदावर करून घ्यावा. केंद्राच्या २०१९ च्या नवोपक्रम व स्टार्टअप धोरणानुसार संस्थेची साधने किंवा निधी मोठ्या प्रमाणात वापरला असेल, किंवा काम अभ्यासक्रमाचा भाग असेल, तर मालकी संयुक्त असते. आपल्या संस्थेने यातले काय स्वीकारले आहे, ते तिच्या धोरणात वाचा.

शोधकर्ते म्हणून फक्त कल्पनेत प्रत्यक्ष भर घालणारेच. प्राचार्य आणि विभागप्रमुखांची नावे मानापानासाठी घालण्याची पद्धत सर्रास आहे. ती पुढे पेटंट आव्हानात आणू शकते.

अर्जदाराचे नाव हा दुसरा अडथळा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ राज्याच्या कायद्याने स्थापन झाले आहे, ते स्वतःच्या नावाने अर्ज करू शकते. खाजगी संलग्न महाविद्यालयाला मात्र बहुधा वेगळे कायदेशीर अस्तित्व नसते. ते असते चालवणाऱ्या ट्रस्टला.

२०२१ पासून शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत आहे: ऑनलाइन अर्जाला ८,००० ऐवजी १,६०० रुपये, तपासणीच्या विनंतीला २०,००० ऐवजी ४,०००. त्यासाठी फॉर्म २८ आणि संस्थेच्या मान्यतेचा पुरावा लागतो. ३० पानांपुढे प्रत्येक पानाला १६० आणि १० क्लेमपुढे (क्लेम म्हणजे ज्या बाबींवर हक्क मागितला ती कलमे) प्रत्येक क्लेमला ३२० रुपये वेगळे. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतली मोठी कंपनी सहअर्जदार झाली की सवलत जाते.

नाशिकचे अर्ज मुंबई पेटंट कार्यालयाच्या अधिकारक्षेत्रात येतात, पण खेटे घालावे लागत नाहीत. डिजिटल सहीने ऑनलाइन भरता येतात. फॉर्म १ अर्जाचा, फॉर्म २ स्पेसिफिकेशनचा, म्हणजे शोधाच्या लेखी वर्णनाचा, फॉर्म ३ परदेशी अर्जांच्या माहितीचा, फॉर्म ५ शोधकर्त्यांच्या घोषणेचा. पेटंट एजंट नेमला असेल तर फॉर्म २६. शोधकर्त्याने हक्क लिहून दिल्याचा पुरावा अर्जासोबत नसेल तर सहा महिन्यांत द्यावा. भारतातली जैविक सामग्री वापरली असल्यास फॉर्म १ मध्येच तशी घोषणा असते.

सर्वाधिक नुकसान वेळेच्या चुकीने होते. ‘आविष्कार’ या विद्यापीठीय संशोधन स्पर्धेत पोस्टर, परिषदेत निबंध, ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर प्रबंध, आणि मग अर्ज, असा क्रम लागला की नावीन्यच संपते. कलम ३१ मधली १२ महिन्यांची मुभा फक्त सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शने आणि विद्वत्सभेपुढे वाचलेले किंवा तिच्या कार्यवृत्तात छापलेले निबंध यांना मिळते. म्हणून आधी प्रोव्हिजनल (तात्पुरते) स्पेसिफिकेशन दाखल करा, मग बोला. मात्र ते दोन पानांचे मोघम नको: त्यात न लिहिलेल्या भागाला ती तारीख मिळत नाही. कम्प्लीट (पूर्ण) स्पेसिफिकेशन १२ महिन्यांत न दिल्यास अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते.

काय बसत नाही, हेही तपासा. शेतीची पद्धत, केवळ अल्गोरिदम, पारंपरिक ज्ञान यांना कलम ३ आड येते. कांदाचाळीचे यंत्र चालेल, कांदा साठवण्याची पद्धत अडकू शकते. आयुर्वेदिक काढा जसाच्या तसा तर नाहीच.

अर्ज १८ महिन्यांनी प्रकाशित होतो. फॉर्म ९ ने, २,५०० रुपयांत, साधारण महिन्याभरात होतो, आणि पदोन्नतीच्या गुणांसाठी अनेकजण तोच भरतात. प्रकाशन म्हणजे पेटंट मिळणे नव्हे; उलट, अर्ज गुपचूप मागे घेण्याची वाट बंद होते. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना तपासणीसाठी फॉर्म १८ पहिला अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून ३१ महिन्यांत भरावा लागतो. पहिल्या तपासणी अहवालाला उत्तर सहा महिन्यांत. तीन महिन्यांची मुदतवाढ मागता येते. विद्यार्थी तोवर पास होऊन गेलेला असतो, म्हणून त्याचा कायमचा ईमेल आणि सह्या आधीच घ्या.

पेटंट मिळाल्यावर नूतनीकरण शुल्क तिसऱ्या वर्षापासून लागते. सवलतीच्या गटाला सहाव्या वर्षापर्यंत ते दरसाल ८०० रुपये आहे. रक्कम किरकोळ, पण अर्थसंकल्पात तरतूद नाही म्हणून पेटंट रद्दबातल होतात. १८ महिन्यांत फॉर्म १५ ने ते पुनर्स्थापित करता येते, तेही विलंब हेतुपुरस्सर नव्हता हे सिद्ध केल्यास.