दोंदे आणि टॉमी: कोण थांबलं, कोण नाही

इंदुरात आपल्या मराठी ग्रुप्सवर तो मेसेज परत फिरतोय, की नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे शिडाच्या बोटीतून "न थांबता" एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. अर्धंच खरं आहे हो! एकट्याने करणारे पहिले तेच, २००९-१० मध्ये, पण वाटेत फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली, केपटाउन असे चार हॉल्ट घेतले, आणि त्यात कमीपणा काही नाही. नॉनस्टॉप केलं ते अभिलाष टॉमींनी, २०१२-१३ मध्ये, आणि बोट तीच, गोव्यात बांधलेली 'म्हादेई'.

एकट्याने नॉनस्टॉप करणारे जगात पहिले मात्र रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, १९६८-६९ ची गोल्डन ग्लोब रेस, म्हणजे अशाच जगप्रदक्षिणेची शर्यत, नऊ जण निघाले आणि पूर्ण करणारा हा एकटाच, आणि त्याची बोट 'सुहैली' बांधली होती चक्क मुंबईत, हे कुणी फॉरवर्डच करत नाही.