जपानी लसीतलं जिलेटिन

लसींमुळे मुलांना ॲलर्जी जडते का, असं विचारलं की डॉक्टर बहुधा ‘नाही हो’ म्हणून विषय संपवतात. ढोबळमानाने ते बरोबरच आहे. पण जपानमध्ये एकदा तसं खरोखर घडलं होतं, आणि ती हकिगत पालकांना सांगायलाच हवी असं मला वाटतं.

1990च्या दशकात तिथे गोवरासारख्या जिवंत विषाणूंच्या लसी टोचल्यावर काही मुलांच्या अंगावर थोड्याच वेळात गांधी उठत, श्वास घेणं जड जाई. अशा तक्रारी वाढू लागल्या. पहिला संशय अंड्यावर गेला, कारण गोवराच्या लसीतला विषाणू कोंबडीच्या गर्भाच्या पेशींवर वाढवतात. तपासात अंडं निर्दोष सुटलं. त्याच सुमारास, 1993 मध्ये, अमेरिकेत एका सतरा वर्षांच्या मुलीची नोंद प्रसिद्ध झाली. एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलावरची) लसीनंतर तिला ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे सगळ्या अंगाला व्यापणारी तीव्र ॲलर्जी झाली होती. जेली खाल्ली की थोडंफार असंच होतं, हे तिनेच डॉक्टरांना सांगितलं. जेलीत असतं जिलेटिन. लसीतही ते होतं.

जिलेटिन म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून मिळणारं प्रथिन. नाजूक विषाणू टिकावा म्हणून ते लसीत घालतात. जपानी मुलांचं रक्त तपासलं, तर तीव्र त्रास झालेल्या बहुतेकांत जिलेटिनविरुद्धची आयजीई, म्हणजे ॲलर्जी घडवणारी, प्रतिपिंडं सापडली.

पण ॲलर्जी पहिल्याच भेटीत होत नाही. आधी शरीर प्रतिपिंडं तयार करून ठेवतं आणि पुढच्या वेळी उसळतं. मग वर्षा-दीड वर्षाच्या बाळाची जिलेटिनशी आधी ओळख कुठे झाली?

त्याचं मूळ डांग्या खोकल्याच्या लसीत होतं. जुन्या त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरच्या) लसीनंतर दोन बाळं दगावल्यामुळे जपानने 1975 मध्ये ती थांबवली आणि नंतर दोन वर्षांपुढच्या मुलांनाच द्यायचं ठरवलं. लसीकरण ढासळलं आणि 1979 मध्ये डांग्या खोकल्याचे तेरा हजारांवर रुग्ण आणि 41 मृत्यू नोंदले गेले. 1981 मध्ये जंतूचे मोजकेच शुद्ध घटक असलेली नवी लस आली. पुढे ती तिसऱ्या महिन्यापासून देऊ लागले आणि काही कंपन्यांच्या लसीत जिलेटिन होतं. शिवाय या लसीत ॲल्युमिनियमचा क्षार असतो, प्रतिकारशक्तीला चेतवण्यासाठी. प्रयोगशाळेत उंदरांना अंड्याची ॲलर्जी मुद्दाम जडवायची असते, तेव्हा अंड्यातलं प्रथिन ॲल्युमिनियमच्या क्षारासोबतच टोचतात! कोवळ्या वयात तीनदा असं जिलेटिन मिळालेल्या काही मुलांना पुढे गोवराच्या लसीतलं जिलेटिन बाधलं. काहींना तर नंतर जिलेटिन असलेला खाऊही सोसेना.

उपाय साधा निघाला. त्रिगुणी लसीतून जिलेटिन काढलं, जिवंत लसींतूनही ते वगळलं किंवा बारीक तुकडे केलेलं वापरलं. थोड्याच वर्षांत अशा घटना जवळपास थांबल्या.

मग उरलेल्या लसींमधल्या ॲल्युमिनियमचं काय? ही शंका मला रास्त वाटते, आणि ती तपासलीही गेली आहे. 2022च्या एका अमेरिकी अभ्यासात ॲल्युमिनियम आणि दमा यांचा थोडा संबंध दिसला होता. 2025 मध्ये डेन्मार्कमधल्या बारा लाख मुलांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा दमा, इसब, अन्नाची ॲलर्जी यांपैकी काहीही वाढलेलं आढळलं नाही. त्याहून बोलका दाखला जर्मनीचा आहे. एकीकरणानंतर तुलना केली तर लसीकरण सक्तीचं असलेल्या पूर्व भागातल्या मुलांत परागज्वर पश्चिमेपेक्षा कमी निघाला. स्वीडनने 1979 ते 1996 डांग्या खोकल्याची लस बंद ठेवली होती. तिथे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलं वेगवेगळ्या गटांत वाटून चाचणी झाली. ती लस मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांत ॲलर्जीचं प्रमाण सारखंच राहिलं.

टोचल्याक्षणी उद्भवणारी ॲलर्जी मात्र खरी आहे, फक्त अतिशय विरळ: अमेरिकेतल्या अडीच कोटी डोसांमागे ॲनाफिलॅक्सिसचे 33 रुग्ण. लसीनंतर अर्धा तास दवाखान्यात थांबवतात ते याचसाठी. ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर धोका टळतो. गोवराच्या काही लसींत आजही जिलेटिन असतं, म्हणून मुलाला जेली किंवा मार्शमेलो खाऊन कधी गांधी उठल्या असतील तर टोचण्याआधी सांगा. अंड्याचं वावडं असेल तरी गोवराची लस घेता येते.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला मिळणाऱ्या पेंटामध्ये, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्रित लसीत, डांग्या खोकल्याचा जुना, पूर्ण जंतूचा घटक असतो. त्यानं ताप येतो, मांडी सुजते, म्हणून खासगीत बरेच जण ‘पेनलेस’, म्हणजे मोजक्या शुद्ध घटकांची नवी लस, मागतात. ऑस्ट्रेलियाने 1990च्या दशकाअखेर जुनी लस सोडून नवी घेतली. त्या काळातल्या मुलांच्या नोंदी तपासल्यावर जुन्या लसीचा एक तरी डोस मिळालेल्यांत अन्नाची ॲलर्जी थोडी कमी दिसली. एवढ्यावरून मी लस निवडणार नाही. जुन्या लसीचं संरक्षण जास्त वर्षं टिकतं, हे कारण मला पुरेसं आहे.