इंग्रजी शब्दांची फोड आणि आघात

लांबलचक इंग्रजी शब्दाचे सिलेबल पाडायचे आणि त्यातल्या कुठल्या सिलेबलवर जोर द्यायचा ते ओळखायचं, याला म्हणतात शब्दाची फोड आणि आघात. सिलेबल म्हणजे एका स्वराभोवतीचा तुकडा. स्पेलिंग बघून मोजू नका, कानाने मोजा. हनुवटीखाली हात धरून शब्द सावकाश म्हणायचा, हनुवटी जितक्यांदा खाली येईल साधारण तितके सिलेबल. इंटरनॅशनलायझेशनमध्ये 8 आहेत, कम्फर्टेबल लिहिताना 4 दिसतात पण बोलताना बहुतेकदा 3च उरतात.

खरी गंमत आघाताची आहे. डिक्शनरीत उच्चार देताना एक छोटी उभी रेघ असते, तिच्या लगेच पुढच्या सिलेबलवर जोर. आता हे तीन शब्द मोठ्याने म्हणून बघा: ˈफो-ट-ग्राफ, फ-ˈटॉ-ग्र-फी, फो-ट-ˈग्रॅ-फिक. शब्दाचं मूळ एकच, पण शेपूट बदललं की जोर सरकतो, आणि जोर गेला की तिथला स्वर बऱ्याचदा ढिला पडून आपल्या अ सारखा पुसट होतो, त्याला श्वा म्हणतात. मराठीत जोर इकडचा तिकडे झाला तरी शब्द तोच राहतो, म्हणून आपण सगळे स्वर सारखेच ठासून म्हणतो आणि ऐकणारा गोंधळतो. डेव्हलपमेंट आपण पहिल्यापासून दाबून म्हणतो, जोर आहे 'व्हे'वर.

म्हणून शब्द शेवटाकडून वाचायची सवय लावावी. शन, इक, इटी असा शेवट असेल तर जोर बहुतेक त्याच्या लगेच आधी, जसं एज्युˈकेशन, इकॉˈनॉमिक, अˈबिलिटी. पॉलिटिक्स मात्र ऐकत नाही, तिथे जोर पहिल्यावरच.

वृत्तं शिकलेल्यांना तर हे अजून सोपं जावं, कारण बऱ्याच नामांत लघु-गुरूचाच हिशोब चालतो, जो मुळात लॅटिनकडून आलाय. शेवटून दुसरा सिलेबल गुरू असेल तर जोर त्याच्यावर (अˈजेंडा, होˈरायझन), लघु असेल तर त्याच्या आधीच्यावर (ˈसिनेमा, अˈमेरिका). कॅलेंडर याला अपवाद, 'लें' गुरू वाटला तरी जोर 'कॅ'वर.

दोन सिलेबलच्या काही शब्दांत तर जोरावरून नाम की क्रियापद ते कळतं. ˈरेकॉर्ड म्हणजे नोंद, रिˈकॉर्ड म्हणजे नोंदवणं, स्पेलिंग दोन्हीकडे एकच. परमिट, ऑब्जेक्ट, प्रेझेंट याच जातीचे.