स्लॅबचा माल पातळ हवा, हा गैरसमज

‘माल जरा पातळ करा, कोपऱ्याकोपऱ्यात जाईल,’ असं मुंबईत छोट्या बांधकामांवर सर्रास सांगितलं जातं. काँक्रीटचा माल सरकतो खरा, पण स्लॅब कमकुवत होतो. सिमेंटच्या रासायनिक क्रियेला त्याच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी पुरतं. माल पसरता यावा म्हणून थोडं जास्त घालावंच लागतं, पण ते उडून गेल्यावर मागे बारीक छिद्रं राहतात. मुंबईच्या खाऱ्या हवेतले क्षार त्यांतूनच सळईपर्यंत पोचतात. गंजलेली सळई फुगते आणि छताचे पोपडे पडतात. मग दोष वाळूला किंवा सिमेंटच्या कंपनीला! मला याचाच जास्त राग येतो, कारण खरं कारण त्या जादा बादलीत असतं.

आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार किनाऱ्यावरच्या उघड्या आरसीसीत (सळई घातलेल्या काँक्रीटमध्ये) पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या वर नको. म्हणजे ५० किलोच्या गोणीला जास्तीत जास्त साडेबावीस लिटर, आणि ओल्या वाळूतलं पाणीही त्यातच धरायचं. पावसाळ्यात हे हमखास विसरलं जातं. माल घट्ट वाटला तर प्लॅस्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन) वापरा, व्हायब्रेटर (माल हलवून बसवणारं यंत्र) नीट फिरवा. पाणी घालायचंच असेल, तर स्लॅब घट्ट झाल्यावर वरून, किमान ७ दिवस. पीपीसी म्हणजे राखेसारखं पूरक मिसळलेलं सिमेंट असेल तर १०.