पडली तरी रडत नाही

समजा, नाशिकला इंदिरानगरमधल्या एका घरी अडीच वर्षांची मुलगी दत्तक आली आहे. कौतुकाला सगळा गोतावळा जमतो. मुलगी कुणाच्याही कडेवर जाते, भाजीवाल्याचं बोट धरूनही चालू लागते. पडली तरी रडत नाही. "किती गुणी पोर!" आजी म्हणते. आईला मात्र कुठेतरी खुपतं: मी आणि भाजीवाला, हिला दोघं सारखेच?

तिचं खुपणं खरं आहे. रडणं ही बाळाची हाक. हाकेला तेच माणूस पुन्हा पुन्हा धावून आलं, की ते 'आपलं' ठरतं. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने मांडलेला भावबंध तो हाच. अशी मुलं जिथून येतात त्या संस्थेतल्या मावश्या कितीही मायाळू असल्या तरी त्यांच्या पाळ्या बदलतात आणि बाळं पुष्कळ असतात. हाक वाया जाते असं दिसलं, की बाळ ती मारायचंच सोडतं.

जो भरवतो त्याचा लळा लागतो, असं आपण म्हणतो. हॅरी हार्लो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1958 मध्ये दाखवलं, की माकडाची पिल्लं दूध देणाऱ्या तारेच्या 'आई'कडे पिण्यापुरतीच जातात. बाकी वेळ मऊ कापडाच्या आईला बिलगतात. (प्रयोग निर्दय होता, हेही सांगायला हवं.) माणसांबद्दलचा भक्कम पुरावा रोमानियातल्या बुखारेस्टचा. तिथे 2000 साली अनाथालयांतली 136 बाळं निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांतली निम्मी, दुसऱ्यांची मुलं घरी सांभाळणाऱ्या पालक-कुटुंबांत पाठवली. वयाच्या साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचे भावबंध जास्त चांगले जुळले. मिटून बसलेली मुलं घरात लवकर खुलली. परक्यांच्या मागे जायची सवय मात्र चिवट निघाली. तेव्हा आमच्या या मुलीची सवय महिन्याभरात गेली नाही, तर आईने स्वतःला दोष देऊ नये.

सुरुवातीचे काही महिने भरवणं, अंघोळ, झोपवणं आईबाबांनीच करावं. आजीने खेळवावं, पण घास आईच्या हातचा. (आजी रुसेल. रुसू द्या.) उशीखाली चिवड्याची पुडी नाहीतर पोळीचा तुकडा सापडला तर 'हावरट' म्हणू नका, उद्या मिळेल याची तिला खात्री नाही. खाऊचा डबा तिचा हात पोचेल असा ठेवा आणि तो रिकामा पडू देऊ नका. शिक्षा म्हणून खोलीत एकटं बसवू नका, शेजारी बसा. बळजबरीने आवळून धरणारे 'उपचार' कुणी सुचवले, तर तिथून उठा. परदेशात त्यात मुलं दगावली आहेत.

दत्तकानंतर दोन वर्षं दर सहा महिन्यांनी संस्थेचा समाजसेवक पाठपुरावा करतो. त्या दिवशी घर चकाचक करून 'सगळं छान' म्हणू नका. अडचणी सांगायची जागा तीच.

मग कधीतरी गोदाघाटाच्या पायऱ्यांवर पाय घसरतो, गुडघा खरचटतो आणि पोर भोकाड पसरते. चार हात पुढे येतात, पण ती सगळे झिडकारून गर्दीत आईला शोधते. आत्या म्हणते, "आधी किती शहाणी होती! तुम्हीच लाडावून ठेवलीत."