नळी की छिद्र? जलशीर्षाच्या उपचारांची शंभर वर्षं

नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३४-३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला सुमारे २ सेंटिमीटरने वाढतो, पुढचे तीन महिने १ ने आणि मग वर्ष पुरं होईपर्यंत अर्ध्या सेंटिमीटरने. जलशीर्ष, म्हणजे हायड्रोसेफॅलस (मेंदूच्या पोकळ्यांत पाणी साचण्याचा आजार) झालेल्या बाळाचं डोकं ही चाल सोडतं. टाळू फुगते, कपाळावरच्या शिरा उठून दिसतात, बुबुळं खालच्या पापणीत बुडू लागतात. सीटी स्कॅनच्या आधी हे मोजायची साधी टेप सांगून जाते. अट एवढीच, की प्रत्येक लसीच्या वेळी ती लावली पाहिजे आणि आकडा कार्डावर लिहिला पाहिजे.

मेंदूच्या पोकळ्यांत कोरॉइड प्लेक्सस नावाचे रक्तवाहिन्यांचे झुपके असतात. हे पाणी मुख्यतः तिथून झिरपतं. मोठ्या माणसात दिवसाला जवळपास अर्धा लिटर पाणी तयार होतं, आणि एका वेळी डोक्यात व मणक्यात मिळून असतं जेमतेम दीडशे मिलिलिटर. म्हणजे दिवसातून तीनदा सगळं पाणी बदलतं. वाट अडली की ते साचणारच. मग उपाय दोनच उरतात : पाण्याला दुसरी वाट काढून द्यायची, नाहीतर झराच कमी करायचा. गंमत म्हणजे दोन्ही कल्पना १९२५ च्या आतल्या आहेत.

१९१० मध्ये शिकागोचे मूत्ररोगतज्ज्ञ लेस्पिनास यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण दोन बाळांच्या मेंदूत घालून प्लेक्सस जाळून पाहिला. जॉन्स हॉपकिन्सचे वॉल्टर डँडी यांनी केनेथ ब्लॅकफॅन यांच्यासोबत कुत्र्यांमध्ये वाट बंद करून जलशीर्ष घडवून आणलं आणि पाणी कुठे तयार होतं, कुठे शोषलं जातं हे दाखवलं. १९१८ मध्ये त्यांनी प्लेक्सस कापून काढायचा प्रयत्न केला. त्यातली बहुतेक बाळं दगावली. १९२२ मध्ये त्यांनी कवटी उघडून, पाण्याला दुसरी वाट मिळावी म्हणून, मेंदूतल्या तिसऱ्या पोकळीला छिद्र पाडलं. पुढच्याच वर्षी बोस्टनमध्ये विल्यम मिक्स्टर यांनी नऊ महिन्यांच्या मुलीत हेच छिद्र दुर्बिणीतून केलं. पण त्या दुर्बिणीचा उजेड मिणमिणता होता आणि रक्त आलं की काहीच दिसायचं नाही. पद्धत मागे पडली ती कल्पना चुकीची होती म्हणून नव्हे, दिवा चांगला नव्हता म्हणून.

मग नळीचं युग आलं. १९४९ मध्ये फिलाडेल्फियात नल्सन आणि स्पिट्झ यांनी मेंदूतलं पाणी एका दिशेच्या झडपेतून रक्तप्रवाहात सोडलं. झडप टिकेना. ती टिकाऊ केली जॉन होल्टर या कारागिराने. १९५५ मध्ये त्याचा मुलगा पाठीवरची गाठ आणि जलशीर्ष घेऊन जन्मला. होल्टरने सिलिकॉनच्या नळीला अशी फट ठेवली, की दाब वाढला की ती उघडे आणि कमी झाला की मिटे. १९६० मध्ये लेखक रोआल्ड डाल यांच्या तान्ह्या मुलाला न्यूयॉर्कमध्ये अपघात झाला, डोक्यात पाणी साचलं आणि त्याला बसवलेला शंट, म्हणजे पाणी वाहून नेणारी नळी आणि झडप, वारंवार तुंबू लागला. त्यातून डाल, द्रवयंत्रांचे अभियंता स्टॅन्ली वेड आणि शल्यविशारद केनेथ टिल यांनी मिळून वेगळी झडप घडवली. या क्षेत्रातल्या दोन नामांकित झडपांमागे बापच आहेत, हे विसरू नये.

सुरुवातीला नळी हृदयात सोडत. मूल उंच झालं की तिचं टोक वर सरकायचं आणि ती बदलावी लागायची. संसर्ग झाला तर जंतू थेट रक्तात जायचे, मूत्रपिंडंही बिघडायची. म्हणून सत्तरच्या दशकात नळी पोटात उतरली. आजही तसंच करतात : कवटीला छिद्र पाडून वरचं टोक मेंदूच्या पोकळीत, झडप कानामागे, तिथून मान आणि छातीवर कातडीखालून नळी पोटात. मूल वाढेल तसं पुरावं म्हणून पोटात जास्तीची लांबी वेटोळी करून ठेवतात.

बिघाड कुठे होतो? बहुधा वरच्या टोकाला. प्लेक्सस किंवा पेशींचा गाळ नळीच्या भोकांत शिरतो. पुढे मानेतली नळी कडक होऊन तुटते. संसर्ग बहुतेक वेळा शस्त्रक्रियेनंतर पहिल्या सहा महिन्यांत दिसतो आणि जंतू बहुधा बाळाच्याच कातडीवरचा असतो. उलटी, डोकेदुखी, गुंगी, खेळतं मूल एकाएकी मलूल होणं, यातलं काहीही दिसलं तर शंट तुंबला असंच धरून चालावं. झडप बोटाने दाबून 'चालतोय' म्हणून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. ती खूण भरवशाची नाही.

झडपेच्या रचनेवर पुष्कळ पैसा आणि बुद्धी खर्च झाली. १९९८ मध्ये ३४४ मुलांवरच्या चाचणीत तीन प्रकारच्या झडपा तोलल्या गेल्या. फरक निघाला नाही, पहिल्या वर्षात सुमारे ४० टक्के शंट बिघडलेच. संसर्गाबाबत मात्र फळ मिळालं : १,६०५ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत (२०१९) साध्या नळीत ६ टक्के, तर प्रतिजैविक मुरवलेल्या नळीत २ टक्के संसर्ग आढळला.

या गोष्टीत भारत येतो तो स्वस्त झडपेतून. दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पुरुषोत्तम उपाध्याय यांनी देशी शंट बनवला होता. नंतर उत्तर प्रदेशात शाहजहानपूरला छाब्रा शंट तयार होऊ लागला. युगांडातल्या म्बाले इथे अमेरिकी शल्यविशारद बेंजामिन वॉर्फ यांनी १९५ मुलांमध्ये या ३५ डॉलरच्या शंटची सुमारे ६५० डॉलरच्या शंटशी तुलना केली. एका वर्षानंतर निकाल सारखेच निघाले (२००५). परदेशी माल म्हणजे चांगला, या समजाला त्यानंतर निदान या खात्यात तरी आधार उरला नाही.

पण वॉर्फ यांची खरी अडचण किमतीची नव्हती. शंट तुंबला की मूल काही तासांतही दगावू शकतं आणि खेड्यातून रुग्णालय गाठायला दिवस लागत. म्हणून त्यांनी ऐंशी-नव्वद वर्षं जुन्या दोन्ही कल्पना एकत्र केल्या : दुर्बिणीतून तिसऱ्या पोकळीच्या तळाला सुमारे ५ मिलिमीटरचं छिद्र पाडायचं आणि त्याच बैठकीत प्लेक्सस जाळायचा. छिद्राची जागा फार अरुंद, मागे लगेच मेंदूला रक्त पुरवणारी बॅसिलर धमनी. तिला धक्का लागला तर टेबलावरच घात. वर्षाच्या आतल्या बाळांत नुसतं छिद्र ४७ टक्के वेळा पुरलं, प्लेक्सस जाळल्यावर ६६ टक्के.

कोणत्या मुलाला छिद्र पुरेल, याचा हिशेब २००९ मध्ये अभया कुलकर्णी यांच्या गटाने मांडला. वय, कारण आणि आधीचा शंट यांचे गुण मिळवायचे. मेंदूज्वरानंतर पाणी साचलेलं चार महिन्यांचं बाळ घ्या : वयाचे १०, कारणाचे ०, शंट नाही म्हणून १०, एकूण २०. दोन वर्षांचं, जन्मतः वाट अरुंद असलेलं मूल : ४०, ३० आणि १०, एकूण ८०. हा आकडा ढोबळपणे यशाची टक्केवारी म्हणून वाचतात. पहिल्या बाळात केवळ शंट टाळायचा म्हणून नुसतं छिद्र करणं हा हट्ट झाला.

नळी आणि छिद्र समोरासमोर आले २०१७ मध्ये, पुन्हा युगांडात, संसर्गानंतर पाणी झालेल्या सहा महिन्यांखालच्या १०० बाळांमध्ये. वर्षभराने बौद्धिक वाढीत फरक नव्हता. उपचार फसण्याचं प्रमाण शंटमध्ये २४ टक्के, छिद्र पाडून प्लेक्सस जाळण्यात ३५, तेही संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरणारा फरक नव्हे. त्यामुळे दवाखान्यात आई-बापांना विचारायचा प्रश्न बदलतो : रात्री दोन वाजता उलट्या सुरू झाल्या तर न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात पोचायला किती तास लागतील? अक्कलकुव्याच्या डोंगरातलं बाळ आणि परळचं बाळ यांच्यासाठी उत्तर एकच असेल असं नाही. आणि छिद्र केलं म्हणून टेप ठेवून द्यायची नाही. छिद्रही मिटतं, कधी वर्षांनंतर, आणि तेव्हा फार वेळ देत नाही.