चकचकीत गाडी आणि जपलेली गाडी

एखाद्या हौशी माणसाने लोकांसाठी खुला केलेला जुन्या गाड्यांचा संग्रह पाहताना हे हमखास घडतं. एक गाडी आरशासारखी लखलखत असते. शेजारच्या गाडीचा रंग विटलेला, सीटच्या चामड्याला भेगा, दाराच्या मुठीपाशी पत्रा उघडा पडलेला. लोक पहिलीसमोर फोटो काढतात आणि दुसरीकडे बघून ‘हिच्याकडे लक्षच दिलेलं नाही’ म्हणत पुढे सरकतात. डोळ्यांत तेल घालून सांभाळलेली बहुधा ही दुसरीच असते.

पहिली रिस्टोअर केलेली. म्हणजे सुटे भाग होईपर्यंत खोललेली, पत्रा घासून पुन्हा रंगवलेली, गादीकाम नवं केलेली. दुसरीचा रंग, कापड, काचा, अगदी स्क्रूसुद्धा शक्य तितके कारखान्यातून आले तेच. तिच्यावर झालेलं काम फक्त झीज रोखण्यापुरतं. टायर आणि ब्रेकचे होज मात्र तिचेही बदललेले असतात, कारण रबर कुणासाठी थांबत नाही.

रिस्टोअर केलेल्या गाडीत मूळ किती आणि मालकाची आवड किती, हे ओळखण्यात खरी मजा आहे. फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात निघत होती. १९१९ची मॉडेल टी लालभडक दिसली तर तो लाल रंग नंतर कुणाला तरी आवडलेला आहे. धातूची चमकही चुगली करते. क्रोमचा मुलामा गाड्यांवर सर्रास दिसू लागला तो १९२०च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी निकेल असायचं. निकेलची झाक किंचित पिवळसर, उबदार. क्रोमची निळसर, थंड. १९२२च्या गाडीचे दिवे थंड निळसर चमकत असतील तर कुणीतरी सोयीचा रस्ता धरला आहे. काही गाड्या तर कारखान्यातून निघाल्या त्याहूनही गुळगुळीत केलेल्या असतात. कारागिरी म्हणून ती थक्क करणारी, पण इतिहास म्हणून ती मला जरा खोटी वाटते.

फिलाडेल्फियात फ्रेड सिमिओन या न्यूरोसर्जनने उभारलेला संग्रह जपण्याच्या बाजूचा. तिथली १९६४ची शेल्बी कोब्रा डेटोना कूपे ही शर्यतीची गाडी कित्येक वर्षं एका गोदामात पडून होती आणि २००१मध्ये बाहेर आली. सिमिओन यांनी ती नवी कोरी करण्याचा मोह टाळला. कॅलिफोर्नियात १९५०पासून चालत आलेल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत मात्र वर्षानुवर्षं लखलखाटच जिंकत आला. २०२४मध्ये पहिल्यांदाच रिस्टोअर न केलेल्या गाडीला सर्वोच्च मान मिळाला: १९३४ची बुगाटी टाइप ५९.

पण म्हणून प्रत्येक गंजका सांगाडा ‘जपलेला’ ठरत नाही. चासी कुजलेली, निम्मे भाग गायब, अशा गाडीला रिस्टोअर करणं हाच न्याय. दुर्लक्ष आणि जतन यांतला फरक खाली वाकून बघितलं की कळतो. दुर्लक्षित गाडीचे टायर एका जागी उभं राहून बसलेले, गंज पोपडे धरून वाढता. जपलेल्या गाडीत गंज थांबवलेला, टायरमध्ये हवा, आणि खाली बऱ्याचदा तेलाचा थेंब झेलायला ट्रे, कारण ती अजून चालते.

(तिसराही प्रकार असतो. फ्रान्समध्ये मुलूझच्या संग्रहालयातली एस्डर्स बांधणीची बुगाटी रॉयाल ही पुनर्निर्मिती आहे, म्हणजे नंतर नव्याने बांधलेली प्रत. हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ या गिरणीमालक भावांचा एकेकाळी गुप्त असलेला हा संग्रह, १९८२पासून सगळ्यांसाठी खुला. खऱ्या रॉयाल आज सहाच उरल्या आहेत.)

खासगी संग्रहात बऱ्याचदा मालक किंवा त्यांचा मेकॅनिकच गाड्या दाखवतो. त्याला ‘ही कितीला घेतली?’ विचारण्यापेक्षा ‘हिचा रंग कोणत्या सालचा?’ असं विचारा. गडी खुलतो. मग तोच बॉनेट उचलून कडेखालचा, ऊन न लागलेला रंग दाखवील. आपण मात्र हात लावायचा नाही. लखलखीत गाडीवरचा बोटाचा ठसा फडक्याने निघतो. नव्वद वर्षांचा भुरभुरीत रंग निघाला की निघाला.